क्षयरोग आणि पोटभर अन्न: झारखंडातील ‘राशन्स’ चाचणी व त्यानंतर बदललेले धोरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र ती औषधे घेणाऱ्या माणसाच्या पोटात काय जाते, आणि त्याच्याच छपराखाली राहणारी मुले, सून, म्हातारी आई काय खातात, हा प्रश्न कित्येक दशके धोरणाच्या परिघाबाहेर राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये झारखंडातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि हा प्रश्न टाळणे अवघड झाले. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, आशा कार्यकर्त्या आणि सामाजिक कामात असलेली मंडळी या विषयावर जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘राशन्स’ चाचणी नेमकी काय होती?

पोषणाची स्थिती सुधारली तर टीबीच्या रुग्णाच्या घरातील इतरांना हा आजार होण्याचे प्रमाण कमी होते का, हे तपासण्यासाठी केलेली ही चाचणी होती. ‘राशन्स’ हे तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांसह ती केली. झारखंडातील चार जिल्ह्यांतील २८ टीबी युनिटांत (सरकारी टीबी कार्यक्रमाच्या स्थानिक विभागांत) ऑगस्ट २०१९ पासून रुग्णांची नोंदणी सुरू झाली आणि जुलै २०२२ पर्यंत पाठपुरावा चालला. फुप्फुसाचा टीबी प्रयोगशाळेत सिद्ध झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांत राहणारे १०,३४५ जण तीत सहभागी होते. त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश लोक संथाल, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतील होते.

युनिटांची दोन गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे संशोधकांच्या मर्जीला वाव राहणार नाही अशा रीतीने करण्यात आली. दोन्ही गटांतील प्रत्येक रुग्णाला दरमहा १० किलोंचा शिधा मिळाला. त्यात तांदूळ, डाळी, दूधभुकटी आणि तेल होते व सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या जात. त्यातून दिवसाला सुमारे १,२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. साध्या टीबीच्या रुग्णांना हा शिधा सहा महिने आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांना बारा महिने देण्यात आला. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. एका गटात घरातील इतरांनाही दरडोई दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि पोषक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटात मिळाल्या नाहीत.

टीबी जंतूंमुळे होतो. मग त्यात अन्नाचा संबंध कोठून आला?

टीबी जंतूंमुळेच होतो, याविषयी दुमत नाही. परंतु जंतू शरीरात शिरणे आणि आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर टीबी होत नाही, कारण त्यांच्या पेशींची प्रतिकारशक्ती जंतूंना वेढून दाबून ठेवते. दीर्घकाळ अर्धपोटी राहणाऱ्या माणसाची हीच शक्ती खचते आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेले जंतू उचल खातात. वेगवेगळ्या देशांतील दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले असता, बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) एकाने कमी झाला की टीबीचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, असे दिसून आले आहे. भारतात कुपोषणाची व्याप्ती इतकी मोठी आहे की टीबीला पोषक ठरणाऱ्या कारणांमध्ये ते सर्वांत वरच्या क्रमांकावर येते.

हे चक्र उलट्या दिशेनेही फिरते. टीबी झाला की भूक मरते, ताप अंगातील स्नायू झिजवतो, कामाला जाता येत नाही आणि मजुरी बुडते, त्यामुळे घरातील सगळ्यांच्याच ताटातले कमी होते. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात आलेल्या १,६९५ रुग्णांच्या नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो होते. चौतीस किलो वजनाची प्रौढ स्त्री चार-चार तीव्र औषधे रोज पचवत आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की शिधा हा उपचाराचाच भाग का मानला पाहिजे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरच्यांना धान्य दिल्याने किती फरक पडला?

ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे सर्व प्रकारच्या टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या टीबीचे, म्हणजे खोकल्यातून इतरांना पसरणाऱ्या प्रकाराचे, प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. टीबीच्या प्रतिबंधासाठी नवी लस शोधण्यावर जगभर प्रचंड खर्च होत असताना तांदूळ आणि डाळ यांनी हा परिणाम साधला, ही असामान्य गोष्ट आहे.

४८ टक्के म्हणजे घरातील निम्मे लोक आजारातून वाचले, असे समजायचे का?

नाही. हा आकडा बातम्यांमध्ये बहुधा एकटाच येतो आणि त्यातून गैरसमज होतो. संपूर्ण पाठपुराव्यात घरच्यांपैकी एकूण २१८ जणांना टीबी झाला. शिधा न मिळालेल्या गटात हे प्रमाण २.६ टक्के होते, तर शिधा मिळालेल्या गटात १.७ टक्के. घट मोजली आहे ती या प्रमाणांची, काळ आणि इतर घटकांचा हिशेब करून. संशोधकांनी दुसऱ्या रीतीनेही मांडणी केली आहे, आणि धोरण ठरवणाऱ्यांना तीच अधिक उपयोगी पडते: एका माणसाला टीबी होण्यापासून वाचवायचे असेल तर सुमारे ३० घरांना, म्हणजे १११ व्यक्तींना, शिधा द्यावा लागतो.

२०१९ च्या किमतींनी घरातील एका व्यक्तीच्या शिध्याला दरमहा सुमारे ३२५ रुपये लागले. सहा महिने आणि १११ व्यक्ती धरल्या तर एक रुग्ण टाळण्याचा धान्याचा खर्च दोन लाख रुपयांच्या थोडा वर जातो. ही रक्कम ऐकून काही जण मान हलवतात. त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की उरलेल्या ११० जणांच्या पोटातही ते अन्न गेले, आणि त्यांच्यापैकी तिघांत एक जण सुरुवातीला कुपोषित होता.

रुग्णांना स्वतःला काय लाभ झाला?

नोंदणीच्या वेळी दर पाच रुग्णांपैकी चारांहून अधिक जणांचा बीएमआय १८.५ पेक्षा, म्हणजे निरोगी वजनाच्या खालच्या मर्यादेपेक्षा, कमी होता; जवळपास निम्म्यांचा तर १६ पेक्षाही कमी होता. औषधे आणि शिधा एकत्र मिळाल्यावर सुमारे ९४ टक्के रुग्णांचे उपचार यशस्वी झाले. सुरुवातीला जेमतेम ३ टक्के रुग्ण कामाला जाण्याच्या स्थितीत होते. उपचार संपताना हे प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. ज्या घरात कमावणारा एकच असतो, तेथे या आकड्याचे मोल मृत्युदराच्या आकड्याइतकेच असते.

सर्वांत बोलका निष्कर्ष पहिल्या दोन महिन्यांतील वजनाविषयीचा आहे. दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. अगदी १ टक्का वाढीनेही तो १३ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोंच्या रुग्णाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. दवाखान्यातील वजनकाट्यावर माणूस उभा राहतो, नर्स आकडा उपचारपत्रिकेवर लिहिते आणि पुढचा रुग्ण येतो. तो आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहण्याची सवय सर्वत्र लागली, तर धोक्यातील रुग्ण वेळेत ओळखता येतील. यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवी तपासणी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहा महिने शिधा मिळूनही निम्म्याहून अधिक रुग्णांचे वजन उपचार संपताना उंचीच्या मानाने कमीच होते. अनेक वर्षांची तूट सहा महिन्यांत भरून येत नाही.

रुग्णांचा एक गट शिध्याविना ठेवून तुलना का केली नाही?

कारण ते अन्यायाचे झाले असते. इतक्या खंगलेल्या माणसांना सहा महिने उपाशी ठेवून काय होते ते पाहणे कोणत्याही नैतिक समितीला मान्य होणार नाही, आणि होऊ नये. याचा शास्त्रीय परिणाम मात्र ध्यानात ठेवावा लागतो. घरच्यांविषयीचा निष्कर्ष दोन गटांच्या थेट तुलनेतून आला आहे, त्यामुळे तो भक्कम आहे. रुग्णांविषयीचा निष्कर्ष एकाच गटाच्या निरीक्षणातून आला आहे. वजन वाढले म्हणून मृत्यू टळला, की ज्यांचा आजार मुळात सौम्य होता त्यांचेच वजन लवकर वाढले, हे अशा निरीक्षणातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. संशोधकांनी वय, सुरुवातीचे वजन अशा घटकांचा हिशेब केला आहे, तरीही ही मर्यादा उरते.

अन्न आणि टीबी यांचे नाते पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते का?

चांगलेच ठाऊक होते. औषधे येण्यापूर्वी सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबी रुग्णांना ठेवून घेणाऱ्या रुग्णालयांत, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच उपचार होता. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे १९१८ साली टीबी रुग्णांची वसाहत उभी राहिली. तेथे रुग्णांना काम, घर आणि कुटुंबाला पुरेल एवढे वेतन मिळे. आईवडिलांपैकी एकाला टीबी असलेल्या घरांत वाढूनही, वसाहतीत जन्मलेल्या मुलांमध्ये आजाराचे प्रमाण बाहेरच्या तशाच मुलांपेक्षा फारच कमी राहिले, आणि तेव्हा ना औषधे होती ना बीसीजीची लस. या जुन्या नोंदींची नव्याने छाननी भार्गव यांनीच २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

मग हे ज्ञान धोरणातून निसटले कसे? याचे उत्तर मद्रासमध्ये सापडते. १९५६ मध्ये तेथे सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९३ रुग्णांचा अभ्यास केला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, तर काहींवर शहराच्या गरीब वस्त्यांतील त्यांच्या घरीच उपचार केले. औषधे दोघांना तीच होती. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट असूनही दोन्ही गटांचे परिणाम जवळपास सारखेच निघाले, आणि घरच्यांना होणारा संसर्गही वाढला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातील टीबीचे उपचार सॅनेटोरियमच्या भिंतींबाहेर आले. लाखो गरीब रुग्णांना घरदार न सोडता उपचार मिळू लागले, हा त्या अभ्यासाचा थोर वारसा आहे. परंतु ‘औषधे पुरेशी असली की आहार गौण’ असा एक अर्थही त्यातून काढला गेला आणि पुढे तो घट्ट बसला. मद्रासच्या अभ्यासाने विचारलेला प्रश्न जंतू नाहीसे होतात का, हा होता. रुग्णाचे अंग भरून येते का, तो पुन्हा कामाला लागतो का, कुपोषित घरच्यांना पुढे काय होते, हे प्रश्न त्यात नव्हते. त्या केंद्राचेच आजचे रूप म्हणजे चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, जी साठ वर्षांनंतर राशन्स चाचणीत सहभागी झाली.

सरकारने नेमके काय बदलले?

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून सुरू आहे. नोंद झालेल्या प्रत्येक टीबी रुग्णाला, तो सरकारी दवाखान्यात उपचार घेत असो वा खासगी, आहारासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या उपचारासाठी एकूण ६,००० रुपये दोन हप्त्यांत दिले जातात: पहिला ३,००० रुपयांचा निदानाच्या वेळी आणि दुसरा उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. त्याच वेळी, निदान होताना बीएमआय १८.५ पेक्षा कमी असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचा निर्णय झाला. पहिल्या दोन महिन्यांची ही निवड थेट संशोधनातून आलेली दिसते.

तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात ‘निक्षय मित्र’ ही कल्पना आहे. व्यक्ती, संस्था, कंपन्या किंवा लोकप्रतिनिधी रुग्णांना दत्तक घेतात आणि दरमहा पोषण आहाराचे किट देतात. या अभियानाची व्याप्ती वाढवून रुग्णाच्या घरातील सदस्यांनाही किट देता येईल, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये, जेथे अन्नाची टंचाई आहे तेथे रुग्णाच्या घरच्यांना अन्नसाहाय्य द्यावे, अशी शिफारस केली.

महिना १,००० रुपये पुरेसे आहेत का?

पुरेसे नाहीत. दिवसाचे सुमारे ३३ रुपये होतात. चाचणीत एका रुग्णाच्या शिध्यावर २०१९ च्या किमतींनी दरमहा सुमारे १,१०० रुपये खर्च झाला होता. त्यात सरासरी पावणेचार घरच्यांचे प्रत्येकी ३२५ रुपये मिळवले तर एका कुटुंबामागे महिन्याला २,३०० रुपयांच्या आसपास रक्कम होते. सरकारची वाढीव रक्कम त्याच्या निम्मीही नाही, आणि मधल्या काळात डाळ व तेलाचे भाव कोठे गेले हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. रक्कम दुप्पट झाली ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण ज्या संशोधनाच्या आधारावर ती झाली, त्याने सुचवलेल्या मापाला ती पोहोचलेली नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

रोख पैसे द्यावेत की धान्य?

यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रोख रकमेला गोदाम लागत नाही, वाहतूक लागत नाही, आणि कुटुंबाला आपल्या गरजेनुसार खर्च करता येतो. मात्र पैसे खात्यात येईपर्यंत आधार जोडणी, नावातील स्पेलिंगचा फरक, बंद पडलेले खाते अशा अडचणींत आठवडे जातात. वजन वाढण्याची खरी गरज पहिल्या दोन महिन्यांत असते. हप्ता त्यानंतर आला तर त्याचा हेतूच हुकतो.

शिवाय हजार रुपये हातात आले की ते उधारी, शाळेची फी किंवा दवाखान्याच्या फेऱ्यांच्या गाडीभाड्यात जातात, आणि त्यासाठी कुटुंबाला दोष देता येणार नाही. धान्याच्या बाबतीतही एक गोष्ट विसरून चालत नाही. घरात चूल एक असते आणि पातेलेही एकच. एकट्या रुग्णाच्या नावाने आलेली डाळ त्यातच शिजते आणि आई ती आधी मुलांना वाढते. म्हणून फक्त रुग्णापुरता शिधा दिला तर तो रुग्णालाही पुरत नाही. माझ्या मते घरातील माणसे मोजून शिधा द्यावा आणि त्याखेरीज रोख साहाय्यही चालू ठेवावे.

रेशनवर धान्य मिळतेच. मग वेगळ्या शिध्याची गरज काय?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबांना दरडोई दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि एप्रिल २०२० पासून करोनाच्या काळात त्यावर मोफत धान्यही मिळत होते. हे धान्य चाचणीच्या दोन्ही गटांतील पात्र कुटुंबांसाठी होते. तरीही दोन गटांत फरक पडला, याचा अर्थ रेशनवरच्या तांदूळ-गव्हाने जी उणीव भरत नाही, ती चाचणीतील शिध्याने काही प्रमाणात भरली. ही उणीव मुख्यतः डाळींची, म्हणजे प्रथिनांची आहे. टीबी झालेल्या घराच्या शिधापत्रिकेवर उपचार संपेपर्यंत डाळ आणि तेल जोडून देणे हा सरळ मार्ग आहे आणि त्यासाठी वितरणाची व्यवस्था गावोगावी आधीच उभी आहे.

घरच्यांना शिधा दिला तर देशातून टीबी संपेल का?

एवढ्याने संपणार नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथील संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गणिती प्रतिमान मांडून पाहिले. टीबी असलेल्या निम्म्या घरांपर्यंत असे पोषण साहाय्य पोहोचले, तर २०२३ ते २०३५ या काळात सुमारे ३ लाख ६१ हजार मृत्यू आणि ८ लाख ८० हजार नवे रुग्ण टळतील, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे मोठे आहेत, पण देशातील टीबीच्या एकूण मृत्यूंच्या तुलनेत ही घट ५ टक्क्यांहून कमी आणि टीबीच्या एकूण रुग्णांच्या तुलनेत २ टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतेक लोकांना संसर्ग घराबाहेर, कामाच्या जागी, बसमध्ये, दाटीच्या वस्तीत होतो. तेथवर पोहोचायचे असेल तर टीबी होण्याची वाट न पाहता एकूण समाजाचेच पोषण सुधारावे लागेल.

२०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत टीबीचे नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ मध्ये १८७ झाले, म्हणजे घट २१ टक्के आहे. जगातील सरासरी घटीपेक्षा ही अधिक आहे, तरी उद्दिष्टापासून दूर आहे.

झारखंडातील निष्कर्ष महाराष्ट्राला लागू होतात का?

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट, पालघर येथील आदिवासी पट्ट्यांतील आहाराची आणि मजुरीची स्थिती झारखंडातील गावांशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. तेथे हे निष्कर्ष जवळजवळ जसेच्या तसे लावता येतील. मुंबईचे चित्र निराळे आहे. तेथे दाट वस्ती, हवा-उजेड नसलेल्या खोल्या, औषधांना न जुमानणारा टीबी आणि मधुमेह हे प्रश्न कुपोषणाच्या जोडीला येतात. अशा ठिकाणी शिधा हवाच, पण त्याचा एकट्याचा परिणाम तेवढाच दिसेल असे गृहीत धरता येणार नाही.

तमिळनाडूच्या योजनेचा उल्लेख नेहमी येतो. ती काय आहे?

तमिळनाडूने एप्रिल २०२२ मध्ये टीबीचे मृत्यू कमी करण्यासाठी एक योजना सुरू केली. निदान होताच आरोग्य कर्मचारी एका साध्या कागदी तक्त्यावर काही गोष्टी नोंदवतात: बीएमआय किती, पायांवर सूज आहे का, श्वासाचा वेग किती, रक्तातील ऑक्सिजन किती आणि आधाराशिवाय उभे राहता येते का. यातून ज्यांची प्रकृती गंभीर ठरते, त्यांना ताबडतोब रुग्णालयात दाखल केले जाते आणि तेथे आहाराकडेही लक्ष दिले जाते. टीबीने होणारे मृत्यू बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच होतात, हे ओळखून आखलेली ही योजना आहे.

घरच्यांनी चांगला आहार घेतला तर प्रतिबंधक औषधे टाळता येतील का?

टाळू नयेत. घरात टीबीचा रुग्ण असेल तर इतरांची तपासणी करून, आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषधे दिली जातात. आहार आणि औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, आणि चाचणीतील कोणताही निष्कर्ष औषधे सोडा असे सांगत नाही.

रुग्णाला मधुमेह असेल तर?

वजन वाढवायचे असले तरी साखर आटोक्यात ठेवूनच. भाताचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे आणि डाळी, अंडी, दही, शेंगदाणे, भाज्या यांवर भर द्यावा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासली जाणे अपेक्षित आहे. झाली नसेल तर ती तपासून घ्यावी.

टीबीत कोणते पथ्य पाळावे?

गावोगावी दही, केळी, भात, आंबट, तेलकट असे एकेक पदार्थ बंद करण्याचा सल्ला मिळतो, आणि त्यामुळे आधीच कमी खाणारा रुग्ण आणखी कमी खातो. दारू आणि तंबाखू सोडून टीबीत सरसकट वर्ज्य असे काही नाही. महागड्या प्रोटीन पावडरीचीही आवश्यकता नाही. भाकरी किंवा भाताबरोबर घट्ट डाळ, उसळ, परवडत असल्यास रोज एक-दोन अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, आणि भाजीत एरवीपेक्षा चमचाभर तेल जास्त, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पहिल्या काही आठवड्यांत भूक नसते, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

योजनेचा लाभ मिळवण्यासाठी काय करावे?

निदान झाल्यावर रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत झाली आहे याची खात्री करावी आणि आपला निक्षय क्रमांक लिहून घ्यावा. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तर त्यांनाही ही नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णाने तसे आवर्जून विचारावे. बँक खात्याचा तपशील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात द्यावा. आहाराच्या किटसाठी आशाताईंकडे किंवा तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांकडे निक्षय मित्राची मागणी करावी, आणि ती करताना घरात किती माणसे आहेत तेही सांगावे, कारण घरच्यांनाही किट देण्याची तरतूद आता आहे. अडचण आल्यास १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करता येते.

उपचार चालू असूनही वजन वाढत नसेल तर?

थांबून राहू नये. दोन महिने औषधे घेऊनही वजन तसेच राहिले किंवा घटले, तर त्यामागे अन्न कमी पडणे हे एक कारण असू शकते, पण तेवढेच नव्हे. औषधांना दाद न देणारा टीबी, अनियंत्रित मधुमेह, एचआयव्ही, उलट्या किंवा कावीळ यांपैकी काही आहे का, ते डॉक्टरांनी पाहावे लागते. रुग्णाने किंवा नातेवाइकाने उपचारपत्रिका सोबत न्यावी, प्रत्येक भेटीत वजन करून ते तीवर लिहून घ्यावे, आणि मागील नोंदीपेक्षा आकडा कमी असेल तर त्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावा. धाप लागत असेल, पायांना सूज आली असेल किंवा आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.